लातूरच्या वाटेवर रूळ टाकणाऱ्या वालचंद शेठनी देशाला जहाज, विमान आणि मोटारीचे कारखाने दिले

लातूर आणि रेल्वे म्हणलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते. पाण्याची रेल्वे.

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती. शेवटी मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचं ठरलं. १२ एप्रिलला पहाटे दहा वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी लातुरात पोचलं आणि ती गाडी देशभरातल्या चॅनेलवर झळकली.

पण ती गाडी कोणत्या वाटेने आली, हे फारसं कुणी सांगितलं नाही.

मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी आणि मग लातूर. आज इथं ब्रॉडगेज आहे, काही ठिकाणी मार्गही बदललाय. पण मूळ वाट शंभर वर्षांहून जुनी. तिचं नाव होतं बार्शी लाईट रेल्वे. फक्त अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावणारी छोटी गाडी. आपल्या आजोबा-पणजोबांनी याच गाडीतून पंढरीची वारी केली, लातूरचा बाजार केला.

या रेल्वेचा येडशी ते तडवळे हा तुकडा बांधायच्या कंत्राटात सोलापूरचा एक विशीतला पोरगा उतरला होता. जेमतेम काही मैलांचं काम. पण ते त्याच्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम होतं.

पुढं याच पोराने इंग्रजांच्या नाकावर टिच्चून जहाज कंपनी चालवली, जहाजबांधणीचा कारखाना काढला, विमानाचा कारखाना काढला, मोटारीचा कारखाना काढला, माळरानावर साखर कारखान्यांची दोन गावं वसवली.

त्याचं नाव वालचंद हिराचंद दोशी.

घरची सावकारी नको म्हणणारा पोरगा

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजरातमधलं, पण सोलापुरात मुरलेलं. दिगंबर जैन समाज. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार. वडील हिराचंद नेमचंद हे नुसते व्यापारी नव्हते. जैन समाजातल्या सुधारकांमध्ये त्यांचं मोठं नाव होतं आणि त्यांनी सोलापुरातून जैन बोधक हे मासिक चालवलं होतं.

त्या काळचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. भोंगा वाजला की गाव जागं व्हायचं. मराठवाडा आणि आसपासच्या मुलखातून कापूस यायचा आणि सोलापुरात त्याचं सूत आणि कापड व्हायचं. कच्चा माल विकणाऱ्याला काय मिळतं आणि पक्का माल बनवणाऱ्याला काय मिळतं, हा हिशोब वालचंद यांच्या डोळ्यांसमोर रोज मांडला जात होता.

१८९९ साली ते सोलापुरातून मॅट्रिक झाले. मग मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज झालं, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. घरच्या धंद्यासाठी परतावं लागलं.

परत आले खरे, पण पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचं मन रमेना. त्यांना काहीतरी उभं करायचं होतं.

फाटक भेटले आणि गाडी रुळावर आली

अशात त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. नोकरी सोडून ते कंत्राटी कामात उतरले होते. रेल्वेचं काम कसं मिळतं, खडी-माती-मजुरीचा हिशोब कसा लावायचा, साहेबाकडून बिल कसं मंजूर करून घ्यायचं, हे सगळं त्यांना माहीत होतं. नव्हतं ते भांडवल. वालचंद यांच्याकडे भांडवल उभं करायची पत होती, अनुभव नव्हता.

दोघांचं जमलं. फाटक-वालचंद ही जोडी तयार झाली.

बार्शी लाईट रेल्वे तेव्हा पुढं सरकत होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने ती १८९७ मध्ये आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू केली होती. आता तिला निझामाच्या मुलखात शिरायचं होतं. १९०७ मध्ये ती तडवळ्यापर्यंत पोचली आणि १९११ मध्ये लातूरला.

लातूरला रेल्वे पोचल्याने काय झालं, हे लातूरची बाजारपेठ बघितली की कळतं. आसपासच्या शे-दीडशे किलोमीटरच्या टापूतला माल लातूरला यायला लागला. आडत वाढली, कापसाच्या जिनिंग वाढल्या. गूळ, डाळी, शेंगदाणा यांचे व्यवहार वाढले. रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनाचं गाव बघता बघता मराठवाड्यातली मोठी पेठ बनलं.

तिकडे नांदेडलाही तेच घडत होतं. मनमाड ते हैदराबाद ही मीटरगेज रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर गोदावरीच्या खोऱ्यातून गेली आणि नांदेडचा कापूस बाहेर पडायला लागला.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. या दोन्ही रेल्वेंनी मराठवाड्यातून जास्त करून कच्चा माल नेला. कापूस जायचा, कापड यायचं. शेंगदाणा जायचा, तेलाचा डबा यायचा.

वालचंद यांनी या धंद्यात पाऊल टाकलं ते रूळ टाकणारे म्हणून. पुढची पन्नास वर्षं मात्र ते त्या रुळांवरून जाणारा माल कुठं बनतो, या प्रश्नाच्या मागे लागले.

एका कामातून दुसरं काम

बार्शीच्या कामानंतर फाटक-वालचंद थांबले नाहीत. एकामागून एक कंत्राटं आली. पुढं टाटांच्या सोबतीने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. आज आपण तिला एचसीसी म्हणून ओळखतो.

या कंपन्यांनी केलेली कामं बघा. मुंबई-पुणे रेल्वेचे भोर घाटातले बोगदे. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीचं काम. सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल.

वालचंद यांची एक खोड होती. जे सामान बाहेरून विकत घ्यावं लागतं ते आपणच का बनवू नये, हा विचार त्यांच्या डोक्यातून जायचा नाही. पाण्याच्या कामांना मोठे पाईप लागतात? १९२६ मध्येच सिमेंटचे पाईप बनवणारी इंडियन ह्यूम पाईप कंपनी सुरू झाली. पुढं यंत्रं बनवायचा विचार आला तेव्हा साताऱ्याची कूपर कंपनी ताब्यात घेतली.

म्हणजे आज मॅनेजमेंटच्या पुस्तकात जे शिकवतात, ते हा माणूस शंभर वर्षांपूर्वी सोलापुरी हिशोबाने करत होता.

ग्वाल्हेरच्या महाराजांचं जहाज

१९१९ साल. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. युद्धात बोटी बुडाल्यामुळे जगभर जहाजांची टंचाई होती आणि मालवाहतुकीचे दर वाढले होते.

ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे लॉयल्टी नावाचं जहाज होतं. युद्धात जखमी सैनिकांसाठी ते दवाखान्याचं जहाज म्हणून वापरलं गेलं होतं. मुळात १८९१ साली बांधलेली ती एम्प्रेस ऑफ इंडिया नावाची प्रवासी बोट. आता ती विकायची होती.

वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास अशा मातब्बर मंडळींना सोबत घेतलं आणि ती बोट विकत घेतली. शिंद्यांचं जहाज म्हणून कंपनीचं नाव ठेवलं सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी.

५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडला निघाली. भारतीय मालकीच्या कंपनीची एवढी मोठी बोट थेट साहेबाच्या देशाला निघाली होती. हाच ५ एप्रिल १९६४ पासून आपण राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतो.

पण हा निर्णय दिसतो तितका सोपा नव्हता.

याआधी भारतीयांनी समुद्रात उतरायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. जमशेदजी टाटांनी १८९० च्या दशकात जहाज वाहतूक सुरू केली होती. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीने दर इतके पाडले की टाटांना धंदा गुंडाळावा लागला. १९०६ मध्ये तमिळनाडूच्या चिदंबरम पिल्लई यांनी तुतिकोरीनमधून स्वदेशी जहाज कंपनी काढली. तिलाही दरयुद्धाने जेरीस आणलं आणि पिल्लई यांना राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात टाकलं गेलं.

म्हणजे पुढं काय होणार हे वालचंद यांना माहीत होतं. आणि तेच झालं.

लॉर्ड इंचकेप हे ब्रिटिश जहाज कंपन्यांचे सर्वेसर्वा. त्यांच्या कंपन्यांनी ब्रह्मदेशाच्या तांदळाच्या वाहतुकीचे दर एकदम खाली आणले. तोटा खाऊन समोरच्याला मारायचं, हा जुनाच खेळ. आज एखाद्या मोठ्या कंपनीने फुकट डेटा वाटून बाकीच्यांना बाजारातून बाहेर काढावं, तसाच.

सिंदिया विकत घ्यायचीही तयारी इंचकेप यांनी दाखवली. भागीदारांमध्ये चलबिचल झाली. वालचंद हटले नाहीत.

शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने ७५ हजार टनांच्या वर बोटी ठेवायच्या नाहीत आणि भारत, ब्रह्मदेश, सिलोनच्या किनाऱ्यापुरतंच काम करायचं. परदेशी वाहतुकीचं दार बंद झालं. ज्या लॉयल्टीने सुरुवात केली ती बोटही त्याच वर्षी मोडीत गेली.

हा करार म्हणजे माघारच होती. पण कंपनी जिवंत राहिली. टाटांचं आणि पिल्लई यांचं स्वप्न जिथं बुडालं तिथं वालचंद तरंगत राहिले. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचं अपघाती निधन झालं आणि सिंदियाची सूत्रं वालचंद यांच्याकडे आली. ती त्यांनी १९५० पर्यंत सांभाळली.

माळरानावरची दोन गावं

समुद्रावर लढाई चालू असतानाच जमिनीवर दुसरं काम सुरू होतं.

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव आहे. १९२३ मध्ये वालचंद यांनी तिथं सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. खडकाळ माळ. लोकांना वाटलं शेठने पैसे पाण्यात घातले. तिथं मशागत झाली, ऊस उभा राहिला आणि १९३३ मध्ये साखर कारखान्याची कंपनी निघाली.

१९४२ मध्ये याच रावळगावात चॉकलेट-गोळ्या बनायला लागल्या. तुम्ही लहानपणी किराणा दुकानात सुट्टे पैसे नाहीत म्हणून जी पान पसंद आणि मँगो मूड घेतली, ती इथलीच.

दुसरं गाव पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात कळंबजवळ. नीरेच्या कालव्याचं पाणी, उसाचे मळे, साखर कारखाना, कामगारांची घरं, शाळा, दवाखाना. त्या वसाहतीचं नावच पडलं वालचंदनगर. आधी तिथं साखर बनायची. पुढं साखर कारखान्याला लागणारी यंत्रं तिथंच बनायला लागली. त्याच वालचंदनगरमधून आज इस्रोच्या रॉकेटचे भाग आणि अणुऊर्जा प्रकल्पांची यंत्रसामग्री जाते.

इथं एक दुसरी बाजूही सांगायला हवी. साखर कारखान्यांचे हे मळे मोठे होते आणि त्यातली बरीच जमीन शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली होती. कमाल जमीन धारणा कायदा आल्यावर साठच्या दशकात अशा मळ्यांची जमीन राज्य शेती महामंडळाकडे गेली. मूळ मालक शेतकऱ्यांना ती परत मिळावी म्हणून खंडकऱ्यांचा लढा कित्येक दशकं चालला. कारखान्याने गाव वसवलं हे खरं, आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या नातवंडांना मोर्चे काढावे लागले हेही खरं.

दहा वर्षांत तीन स्वप्नं

आता येऊ त्या काळाकडे, ज्यासाठी वालचंद यांना देश ओळखतो.

१९३९ मध्ये ते मोटारीच्या कारखान्यासाठी अमेरिकेला गेले होते. त्या प्रवासात विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी त्यांची ओळख झाली. पॉली यांचा चीनमध्ये विमानं जुळवायचा कारखाना होता. वालचंद यांनी तिथंच विचार केला की चीनमध्ये होतंय तर भारतात का नाही?

ब्रिटिश सरकार सुरुवातीला ढिम्म हललं नाही. पण युद्ध आशियाच्या दारात आलं तसं त्यांनाही विमानांची गरज पटली. म्हैसूर संस्थानाचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगळुरूत सातशे एकर जमीन दिली, संस्थानाने भांडवलही घातलं. २३ डिसेंबर १९४० ला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्ये तिथं जुळवलेलं पहिलं हार्लो विमान उडालं.

हीच कंपनी पुढं एचएएल झाली. तेजस बनवणारी. आपल्या नाशिकजवळ ओझरला मिग आणि सुखोई बनवणारी.

दुसरं स्वप्न जहाज बांधायचं. एकेकाळी मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने इंग्रजांच्या आरमारासाठी सागवानी जहाजं बांधली होती. पोलादी आगबोटींचा जमाना आला आणि ती कला थांबली. वालचंद यांना ती परत सुरू करायची होती. कोलकात्यात मनासारखी जागा मिळाली नाही. म्हणून विशाखापट्टणम निवडलं. २१ जून १९४१ ला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली.

एक वर्षही झालं नव्हतं. ६ एप्रिल १९४२ ला जपान्यांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. कारखान्याचं काम थांबलं, सामान मुंबईला हलवावं लागलं. युद्ध ओसरल्यावर परत सगळं जुळवलं. आणि १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते जलउषा ही आठ हजार टनांची आगबोट पाण्यात उतरली. स्वतंत्र भारतात पाण्यात उतरलेली ती पहिली मोठी आगबोट.

तिसरं स्वप्न मोटारीचं. सर विश्वेश्वरय्या यांच्यासारखा माणूस भारतात मोटार बनली पाहिजे म्हणून वर्षानुवर्षं झगडत होता. वालचंद त्या कामात उतरले. सरकारचं म्हणणं होतं की युद्धासाठी मोटार कारखान्याची गरज नाही. शेवटी अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीशी करार झाला, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स निघाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला लागल्या.

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवा. तिथं धावणारी प्रीमियर पद्मिनी याच कंपनीची. वालचंद गेल्यानंतर कित्येक वर्षांनी ती आली आणि २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यावर दिसली.

उभं केलं, पण हातात राहिलं नाही

आता एक गोष्ट बघा. या तिन्ही स्वप्नांमधलं वालचंद यांच्याकडे काय उरलं?

एप्रिल १९४२ मध्ये युद्धाचं कारण देऊन सरकारने विमान कारखान्यातले त्यांचे शेअर घेतले. कंपनी सुरू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं.

जहाज कारखाना चालवायला खर्च फार होता. परदेशी बोटींच्या तुलनेत आपली बोट महाग पडायची, सरकारी मदतीशिवाय निभाव लागत नव्हता. १९५२ मध्ये सरकारने त्यातला मोठा हिस्सा घेतला आणि हिंदुस्थान शिपयार्ड तयार झालं.

काही लोक यावरून वालचंद अपयशी ठरले असं म्हणतात. काही जण म्हणतात की ते सरकारी मदतीच्या जोरावरच मोठे झाले. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. रेल्वेची, पाण्याची, पुलांची कंत्राटं सरकारचीच होती. जहाज असो की मोटार, सरकारने संरक्षण द्यावं, सवलत द्यावी अशी त्यांची मागणी असायचीच.

पण ज्या देशांनी नंतर उद्योगात मुसंडी मारली, त्या जपान आणि दक्षिण कोरियाची कहाणी वेगळी नाही. तिथंही जहाज आणि मोटारीचे कारखाने सुरुवातीला सरकारच्या आधारानेच उभे राहिले. फरक इतकाच की तिथलं सरकार कारखानदाराच्या मागे उभं होतं आणि वालचंद यांचा बहुतेक काळ परक्या सरकारशी झगडण्यात गेला.

व्यापाऱ्यांचा आवाज एकत्र यावा म्हणून १९२७ मध्ये फिक्की ही संघटना निघाली. तिच्या उभारणीत वालचंद होते आणि पुढं ते तिचे अध्यक्षही झाले.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूर इथं त्यांचं निधन झालं. कंपन्या भावांच्या आणि पुढच्या पिढीच्या हाती गेल्या.

सांगलीचं वालचंद कॉलेज, सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट यांच्यामुळे त्यांचं नाव आज इंजिनियर पोरांच्या तोंडी आहे. २००४ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं. २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांचे ब्रँड रिलायन्सने २७ कोटींना घेतले तेव्हा जुन्या लोकांना जरा हळहळ वाटली.

मग मराठवाड्याचं काय?

वालचंद यांनी कारखाने काढले ते नाशिक, पुणे, मुंबई, बंगळुरू, विशाखापट्टणमला. जिथं त्यांनी पहिली मोठी उडी घेतली त्या मुलखात मात्र त्यांचा मोठा कारखाना आला नाही. हा भाग निझामाच्या संस्थानात होता. तिथलं नाणं वेगळं, जकात वेगळी, कायदे वेगळे.

नांदेडला निझामाच्या नावाची उस्मानशाही मिल होती. कापूस नांदेडचा आणि कापडही नांदेडचं, हे तिथं घडून गेलं. हजारो घरांची चूल त्या भोंग्यावर पेटायची. आज ती मिल बंद आहे.

लातूरची पेठ मात्र टिकली. कापूस आणि शेंगदाण्याची जागा सोयाबीन आणि तुरीने घेतली. सोयाबीनच्या भावासाठी आज राज्यभरातले शेतकरी लातूर बाजार समितीकडे बघतात. लातुरात डाळ मिल आहेत, तेलाचे कारखाने आहेत. हे आपलं बळ आहे.

तरी प्रश्न तोच राहतो. आपल्या शेतातला माल पोत्यात भरून किती जातो आणि पक्का होऊन किती जातो? लातूर-नांदेडची हुशार पोरं शिकवणी करून डॉक्टर, इंजिनियर होतात आणि पुणे-मुंबईची गाडी धरतात. एका अर्थाने तीही रेल्वेने बाहेर जाणारी आपली मौल्यवान रास.

एक गोष्ट बदलतेय. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिलाय. २०१८ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथं पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. वंदे भारत स्लीपर गाड्या तिथं बनवायचं काम भारतीय आणि रशियन कंपन्यांच्या भागीदारीला दिलं गेलंय.

१९११ मध्ये लातूरला रेल्वे आली ती इथला माल बाहेर न्यायला. आता रेल्वेच लातुरात बनणार असेल, तर ती मोठी गोष्ट आहे. अट एकच. डब्याला लागणारी छोटी-मोठी कामं, सुटे भाग, वेल्डिंग, वायरिंग, सीट यांचे कारखाने लातूर-नांदेडच्या पोरांनी काढले पाहिजेत. नुसती शेड आपल्या माळावर आणि सामान सगळं बाहेरचं असं झालं, तर रूळ तेच आणि हिशोबही तोच.

वालचंद यांच्या आयुष्यातून आपल्याला घेण्यासारखं काही असेल तर ते हेच. त्यांनी छोट्या कंत्राटातून सुरुवात केली आणि दरवेळी विचारलं, की हे सामान आपण बाहेरून का आणतो? पाईप का आणतो, यंत्र का आणतो, बोट का आणतो, विमान का आणतो. कधी जमलं, कधी हातातून गेलं. पण जे उभं राहिलं ते देशात राहिलं.

हरंगुळच्या त्या कारखान्याच्या आसपास वर्कशॉप टाकायच्या विचारात एखादा विशीतला पोरगा असेल, तर त्याला सांगा. येडशी-तडवळ्याच्या रुळांवरून एक सोलापूरकर याच वयात सुरुवात करून गेलाय.